खराटा आणि कीर्तन : गाडगेमहाराजांच्या प्रबोधनरूपाचा विचार

महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू केले आणि त्यास संत गाडगेबाबांचे नाव दिले. नावाची निवड यथोचित होती, यात शंका नाही. तथापि अभियानाचे रूप स्पर्धेचे होते. गावांची तपासणी व्हावी, गुण मिळावेत, पहिल्या येणाऱ्या गावास बक्षीस मिळावे, अशी ती योजना. या योजनेने अनेक गावांचे रस्ते आणि गटारे सुधारली, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु ज्या पुरुषाचे नाव तिने घेतले, त्याच्या हातून गावोगाव जे घडत होते त्यात बक्षिसाला कोठेच जागा नव्हती. नाव उचलले गेले, रूप मागे राहिले. हे मागे राहिलेले रूप कोणते, हा येथील विचाराचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ चरित्राचा किंवा समाजकार्याचा नाही. तो वाङ्मयविचाराचाही आहे. गेल्या दोन-तीन दशकांत भाविक समाजाला उद्देशून पर्यावरणरक्षणाचे एक नवे प्रबोधनवाङ्मय मराठीत निर्माण झाले आहे. आषाढी वारीच्या वाटेवर फलक लागतात, चित्ररथ चालतात, नव्याने रचलेली भारुडे म्हटली जातात, पथनाट्ये होतात. गणेशोत्सवात मूर्ती, निर्माल्य आणि विसर्जन यांविषयी पत्रके निघतात. समीक्षेने या वाङ्मयाकडे आजवर पाहिलेच नाही. प्रचार म्हणून ते बाजूस सारले गेले. परंतु प्रचार हाच जर दोष मानावयाचा, तर मराठीतील कीर्तनपरंपरेचा मोठा भाग बाद करावा लागेल. लोकांचे वागणे पालटावे या हेतूने बोललेल्या शब्दालाही घाट असतो, आणि तो घाट चांगला की वाईट हे सांगता येते. गाडगेमहाराजांचे कीर्तन हे या परीक्षेसाठी मराठीत उपलब्ध असलेले सर्वांत खणखणीत नाणे होय.

कीर्तनाचे दोन परिचित प्रकार आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वनिरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणासाठी घेतला जातो, आणि टाळकऱ्यांच्या साथीने त्याच्या चरणाचरणाचा उलगडा होतो. गाडगेमहाराजांचे कीर्तन या दोहोंच्या चौकटीत नीट बसत नाही. त्यात तुकोबा येतात, कबीर येतात, पण निरूपणाचा विषय म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून. बोलणे वऱ्हाडी असते. मधूनच गोपाळनामाचा गजर होतो आणि पुन्हा बोलणे सुरू होते. आख्यान जवळजवळ नाहीच. यावरून काही अभ्यासक त्यास कीर्तन म्हणण्यासही कचरतील. रूपाचा बंध सैल आहे, एवढाच निष्कर्ष काढून ते थांबतील. हा निष्कर्ष अपुरा आहे. कारण त्यात कीर्तनाचा आरंभ कोठे होतो, याचीच गल्लत झालेली असते.

चरित्रकारांनी वर्णिलेला क्रम आठवावा. प्रबोधनकार ठाकरे व गो. नी. दांडेकर यांनी महाराजांची चरित्रे लिहिली. त्यांत आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणींत या क्रमाविषयी दुमत नाही. डोक्यावर वा हातात खापर, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा, अशा वेषात हा मनुष्य गावात शिरे आणि कोणाशी फारसे न बोलता रस्ता झाडू लागे. लोक पाहत राहत. मग एखादा पुढे होई, दुसरा पाटी आणी. दिवस मावळेपर्यंत गावाची वाट लख्ख झालेली असे आणि झाडणाऱ्यांची संख्याही वाढलेली असे. रात्री कीर्तन होई. म्हणजे कीर्तन सुरू होते तेव्हा श्रोता हा नुसता श्रोता राहिलेला नसतो. ज्या विषयावर आता बोलणे व्हावयाचे आहे, त्यात त्याचे हात आधीच मळलेले असतात. नारदीय कीर्तनात तत्त्व आधी येते आणि दृष्टान्त मागून; येथे कृती आधी आणि तत्त्व मागून. झाडणे हाच या कीर्तनाचा पूर्वरंग होय. तो शब्दांत नसल्यामुळे संहितेत सापडत नाही, इतकेच.

हा क्रम उलटला तर काय होते, हे समजण्यास आजचे फलक पुरेसे आहेत. फलक श्रोत्याला काही करावयास सांगतो, परंतु सांगणारा स्वतः तेथे नसतो. त्याच्या हाती खराटा आहे की नाही, हे कळण्याची सोय नाही. उपदेश आणि उपदेशकाचे शरीर यांची फारकत झाली की शब्दावरचा सगळा भार शब्दालाच पेलावा लागतो, आणि मग शब्द एकतर चढ्या आवाजात बोलू लागतो किंवा यमकांचा आश्रय घेतो. पर्यावरणविषयक घोषवाक्यांत यमकांचा जो सुकाळ आढळतो, त्याचे मूळ येथे असावे.

आता उत्तररंगाकडे वळावे. गाडगेमहाराजांच्या बोलण्याचा कणा प्रश्न हा आहे. ते विधान क्वचित करतात, विचारतात. देवाला कोंबडे-बकरे लागते काय, कर्ज काढून जेवणावळी घालाव्या काय, मूल शाळेत घातले काय, या जातीचे ते प्रश्न असतात, आणि त्यांचे उत्तर जमावाने मोठ्याने द्यावयाचे असते. जमाव ते देतो. वरवर पाहता ही लोकांना जागे ठेवण्याची युक्ती वाटते. परंतु तिचे कार्य याहून खोल आहे. उत्तर महाराज देत नाहीत; श्रोता देतो, आणि ते शेजाऱ्यांच्या देखत देतो. उद्या तोच मनुष्य नवसाचा बकरा घेऊन निघाला, तर त्याला अडवणारा शब्द गाडगेबाबांचा नसून त्याचा स्वतःचा असेल. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालण्याने जे साधते, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. माळ ही चारचौघांत घेतलेली प्रतिज्ञा असते. ती गळ्यात आहे तोवर मद्यमांस वर्ज्य, एकादशी आणि वारी आवश्यक. आचरण पालटण्याचे शास्त्र आज नव्याने सांगितले जाते, आणि जाहीर वचनाचे महत्त्व त्यात विशेष मानले जाते. भाविक समाजाला हे शास्त्र शतकानुशतके अवगत आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

महाराजांच्या प्रश्नांतील एक प्रसिद्ध प्रसंग येथे विचारात घेण्याजोगा आहे. नदीकाठी पितरांना पिंड व पाणी देणारे लोक पाहून त्यांनी ओंजळीने नदीचे पाणी काठाकडे फेकण्यास आरंभ केला, आणि विचारणाऱ्यास आपण दूरच्या शेतास पाणी देत असल्याचे सांगितले, असे म्हणतात. हीच कथा गुरु नानकांविषयी हरिद्वारच्या संदर्भात सांगितली जाते. तेव्हा प्रसंग ऐतिहासिक आहे की नाही, याचा निर्णय करण्यात अर्थ नाही. लोकांनी ही कथा गाडगेबाबांच्या नावावर जमा केली, कारण ती त्यांच्या रीतीला शोभते: आधी एक विचित्र कृती, मग बघ्यांचा प्रश्न, मग त्याचे असे उत्तर की प्रश्न विचारणाऱ्यानेच उरलेला विचार पुरा करावा. लोकस्मृतीला रूपाची जाण पुष्कळदा समीक्षेपेक्षा अधिक असते.

या रीतीचा आणखी एक विशेष सहज लक्षात येत नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. महाराज ज्या दोषाविषयी बोलतात, तो दोष समोर बसलेल्या माणसाच्या हातचा असतो. दारू, सावकाराचे कर्ज, पशुबळी, दारातली घाण, या गोष्टी ऐकणारा सोडू शकतो किंवा दूर करू शकतो. आपल्या मुलीच्या बारशाला जातभाईंच्या अपेक्षेप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न घालता त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही चरित्रातील आरंभीची घटना. म्हणजे मागणी प्रथम स्वतःच्या घरापाशी केलेली होती. दोष आणि श्रोता यांचा हा मेळ सुटला की उपदेश अन्यायी होतो. इंद्रायणीचे उदाहरण यासाठी घ्यावे लागते. आळंदीस नदीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर वाहताना अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसले आहेत, आणि त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात. हा फेस वारकऱ्याने निर्माण केलेला नाही. वरच्या अंगाला वाढलेल्या शहरी वस्तीचे आणि कारखान्यांचे सांडपाणी त्याला कारण आहे. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पुणे शहराचे पाणी मुळा-मुठेतून भीमेतच येते. आणि पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे ही भीमाच. अशा स्थितीत नदी निर्मळ राखण्याचा उपदेश करणारा चित्ररथ वाटेवर उभा करून तो केवळ वारकऱ्याला ऐकविणे, म्हणजे ज्याच्या हाती कळ नाही त्याला दार उघडण्याची आज्ञा करणे होय. वारकऱ्याकडून काहीच मागू नये, असे नाही. पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, नदीत सोडलेले जुने कपडे आणि निर्माल्य हे त्याच्या हातचे दोष आहेत, आणि त्यांविषयी त्याला विचारता येते. परंतु फेसाविषयीचे कीर्तन वेगळ्या श्रोत्यांपुढे झाले पाहिजे. ते होत नाही. २०१६ साली जाहीर झालेल्या नमामि चंद्रभागा योजनेच्या निमित्ताने जे पुष्कळ बोलले गेले, त्यातही भाविकांच्या श्रद्धेला आवाहन ठळक होते आणि वरच्या अंगाच्या जबाबदारीचा उच्चार त्या मानाने क्षीण होता.

वारीच्या प्रबोधनवाङ्मयात तुकोबांच्या वनवासाच्या सुखाचा प्रसिद्ध अभंग अपरिहार्यपणे येतो. वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर त्याचा आरंभ छापलेला असतो. हा वापर तपासून पाहण्याजोगा आहे. त्या अभंगात झाडे आणि पाखरे हे आप्त ठरतात, हे खरे. परंतु त्याची ओढ एकांताकडे आहे. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर बसणाऱ्या, जनांपासून दूर गेलेल्या माणसाचा स्वतःच्या मनाशी चाललेला संवाद त्यात आहे. फलक त्यातला नात्याचा शब्द घेतो, एकांत टाकतो, आणि त्यास रोपे लावण्याची सूचना जोडतो. मूळ काव्यात झाड हे लावावयाची वस्तू नाही. ज्याच्यापाशी जाऊन बसावे असा तो सोयरा आहे. लाखोंच्या समुदायाला उद्देशून हा अभंग म्हणता येतो, पण मग त्यातून निघणारी मागणी वेगळी असावयास हवी: आहे ते झाड आणि आहे ते रान यांना उपद्रव देऊ नये, ही. ती मागणी रोप लावण्याहून कठीण आहे आणि तिचे छायाचित्र निघत नाही. पालखीमार्ग रुंद करताना जुने वड-पिंपळ तोडले गेले, आणि त्याच वाटेवर हा अभंग फलकांवर झळकत राहिला. हा विरोध फलक रंगविणाऱ्याला जाणवला नसेल, पण वाचणाऱ्याला जाणवतो.

याउलट वारीच्या स्वतःच्या रचनेत जी साधने आहेत, त्यांच्याकडे प्रबोधनकारांचे दुर्लक्ष झाले आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला. प्रत्येक दिंडीला वीणेकरी, प्रत्येकीचा स्वतंत्र मुक्काम आणि स्वयंपाक. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदार चोप उंच करतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो आणि गाऱ्हाणे ऐकले जाते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही तेथेच होते. रोज संध्याकाळी गाऱ्हाणे ऐकणारी, निर्णय देणारी, पाळली जाणारी अशी ही व्यवस्था आहे. तळावर सकाळी उरलेल्या कचऱ्याची गोष्ट या समाजआरतीत एक दिंडी दुसऱ्या दिंडीविषयी टाळ वाजवून मांडू शकेल, तर तो विषय बाहेरून आलेला उपदेश राहणार नाही; घरातले गाऱ्हाणे होईल. दिंडीप्रमुखांशी बोलून काही ठिकाणी पत्रावळींचे संकलन आणि फिरत्या शौचालयांचा वापर यांची व्यवस्था बसविली गेली, तेथे फळ दिसले, ते याच कारणाने. आवाहनाचा पत्ता बरोबर होता.

गणेशविसर्जनाच्या बाबतीत अडचण निराळी आहे आणि ती शब्दाची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही, रंगांतील जड धातू जलचरांस अपाय करतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूत्रे काढली आणि २०२० साली ती सुधारली. त्याआधीपासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती दान करण्याचे आवाहन चालविले होते. त्यामागचा युक्तिवाद धर्मशास्त्राच्या आतला आहे: उत्तरपूजेनंतर मूर्तीतील देवत्वाचे आवाहन संपते, आणि मागे राहते ती माती. पार्थिव पूजेची कल्पनाही हेच सांगते. युक्तिवाद निर्दोष असूनही ‘दान’ हा शब्द अनेकांच्या कानास खटकला, कारण गणपतीचे जाणे हे मराठी घरात शास्त्राने ठरत नाही. तो पाहुणा असतो. त्याला पोचवावयास जावयाचे असते, वाटेत खाण्यासाठी शिदोरी द्यावयाची असते. पाहुण्याला कोणी दान करीत नाही. ज्या गावांनी आणि गृहसंस्थांनी विसर्जन हाच शब्द कायम ठेवून हौद बांधले, आरती आणि शिदोरी तशीच चालू ठेवली, तेथे विरोध पुष्कळ कमी झाला. २०२० साली साथीच्या निर्बंधांमुळे अनेकांनी घरीच बादलीत विसर्जन केले, आणि ज्यांची मूर्ती मातीची होती त्यांना ती डोळ्यांदेखत पाण्यात मिसळताना पहिल्यांदाच दिसली. या दर्शनाचे मोल कोणत्याही पत्रकाहून अधिक आहे. शाडूला सरसकट निर्दोष म्हणणे मात्र धाडसाचे होईल. ती मातीही कोठून तरी, बहुतांशी गुजरातेतून, खणून आणलेली असते, आणि विहिरीत वा तळ्यात तिचा गाळ बसतोच.

गाडगेमहाराजांच्या रीतीला मर्यादा नाहीत, असे म्हणता येणार नाही. ती एका पुरुषाच्या देहाशी इतकी जखडलेली होती की तिचे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा वेषच आला. श्रोत्यांची फजिती करण्याचा भागही तीत आहे, आणि प्रत्येक वेळी ती फजिती दयाळू असते, असे नाही. परंतु एका बाबतीत ती रीत आजच्या प्रबोधनापेक्षा फार पुढे होती. खराटा हे आपल्या समाजात निरपेक्ष साधन नाही. तो कोणाच्या हाती असावा, हे जातीने ठरविलेले होते. परीट समाजात जन्मलेल्या या मनुष्याने तो उचलला आणि पाटलाच्या, सावकाराच्या हाती दिला, यात स्वच्छतेहून मोठी गोष्ट घडत होती. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांतील चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. म्हणजे ‘घाण करू नका’ असे सांगणाऱ्याने उतरण्यास जागाही उभी केली होती. आजचे सेवाभावी प्रबोधन स्वच्छतेला ईश्वरसेवा म्हणते, पण यात्रा पांगल्यावर वाळवंट आणि गल्ल्या कोणी झाडावयाच्या, याचे उत्तर त्याच्या शब्दांत येत नाही. हे उत्तर दीर्घकाळ ठरलेलेच होते. हाताने मैला उचलण्यास कायद्याने १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली बंदी केली, तरी पंढरपूरच्या यात्रेनंतरच्या सफाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे न्यावा लागला, आणि त्यानंतर वाळवंटातील वस्ती, शौचालये व तळाची जागा यांविषयी व्यवस्था हलू लागली. सेवा हा शब्द जेव्हा पगारी, विशिष्ट जातींतल्या कामगारांचे कष्ट झाकतो, तेव्हा तो शब्दच घाण करतो. गाडगेमहाराजांच्या वाणीत हा दोष कधी शिरला नाही, कारण त्यांच्या कीर्तनात झाडणारा कोण हे सर्वांना आधीच दिसलेले असे.

महाराजांचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झाले. पुढच्या महिन्याच्या २० तारखेस ते निवर्तले. ते कीर्तन ध्वनिमुद्रित झाले असून त्याची संहिताही छापलेली आहे, आणि या विषयाचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी साहजिकच तेथून आरंभ करतो. त्या ध्वनिमुद्रणात प्रश्न आहेत, जमावाची उत्तरे आहेत, गजर आहे, थकलेल्या आवाजाला मधूनच चढणारी धार आहे. त्या दिवशी कीर्तनापूर्वी काय घडले ते मात्र त्यात नाही. फितीवर उत्तररंग तेवढा उतरला आहे.